अनाहूत पाहुणा आणि आपली जयणा

चातुर्मास सुरू झाला की आपल्या घरांत जयणेची आठवण नव्याने होते. पाणी गाळणे, धान्य निवडणे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे हे सारे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी. परंतु डोळ्यांना दिसणारा आणि भय उपजविणारा जीव उंबरठ्याच्या आत आला, तर त्या जयणेचे काय होते?

गेल्या श्रावणात माहुलमधील आमच्या धान्याच्या गोदामात हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. माहुलला एकीकडे तेलशुद्धीकरणाचे कारखाने, तर दुसरीकडे खाडी आणि तिवरांची झाडी. हिवाळ्यात या खाडीच्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात, तेव्हा आपण मुलाबाळांना घेऊन कौतुकाने पाहावयास जातो. पावसाळ्यात त्याच परिसरातला साप दारी आला की मात्र हाती काठी येते.

त्या सकाळी पोत्यांच्या थप्पीमागे हमालांना एक लांब, पिवळसर तपकिरी साप दिसला. काठ्या उगारल्या गेल्या. मी त्यांना थांबविले, तेव्हा त्यांतील एकजण म्हणाला, "शेठ, रात्री इथे जमिनीवर आम्ही झोपतो. तुम्ही धर्म सांभाळाल, पण आमचा जीव कोणी सांभाळायचा?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

सर्वांना बाहेर काढले. एकाला दुरून नजर ठेवण्यास सांगितले आणि वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळविले. आलेल्या सर्पमित्राने पाहताच सांगितले, "धामण आहे, बिनविषारी." साप पिशवीत घेऊन तो निघाला, तेव्हा थप्पीखालच्या सांडलेल्या गव्हाकडे बोट दाखवून म्हणाला, "सांडलेल्या दाण्यांसाठी उंदीर येतात आणि उंदरांसाठी हा. दाणे झाडा, म्हणजे कोणीच येणार नाही."

उंदरांना आपण विष घालत नाही, याचा मला अभिमान होता. पण रोजची झाडलोट न करणे हीही हिंसाच होती, हे त्या दिवशी उमगले.

चंडकौशिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भगवान महावीरांच्या उपदेशाने तो विषारी नाग शांत झाला, बिळात तोंड घालून निश्चल पडून राहिला. तूप विकावयास जाणाऱ्या गवळणींनी भक्तिभावाने त्याच्या अंगाला तूप लावले. त्या तुपावर मुंग्या आल्या आणि त्यांनी त्याचे शरीर पोखरले. हललो तर मुंग्या चिरडतील, म्हणून त्याने ते सारे सोसले. नागाची क्षमा आपण आठवतो. गवळणींचे तूप विसरतो. त्यांचा भाव निर्मळ होता, पण परिणाम जाणण्याचा विवेक तेथे नव्हता. आजही नागपंचमीला सापापुढे दूध ठेवणारे आहेत, वस्तुतः दूध हा सापाचा आहारच नव्हे.

म्हणून दुकान-गोदाम असलेल्या प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी कराव्यात. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. सांडलेले दाणे रोज संध्याकाळी झाडावेत. दाराखालची फट आणि मोरीचे तोंड जाळीने बंद करावे. साप दिसल्यास त्याला पकडू वा डिवचू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये सापाला मारणे हा गुन्हाही आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील प्रमुख विषारी साप. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्यांना चावते आणि पुष्कळदा तो दंश जाणवतही नाही. दंशाची नुसती शंका आली तरी जखम कापू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. त्या अवयवाची हालचाल न करता रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. प्रतिविष हाच तेथे उपाय आहे.

आमच्या गोदामात आता हमालांसाठी खाटा आल्या आहेत, त्यांवर मच्छरदाण्या आहेत आणि त्यांच्या कडा गादीखाली खोचल्या जातात. त्या प्रश्नाचे उत्तर मला एवढेच देता आले. सापाला अभय द्यायचे आणि त्याचा धोका मात्र आपल्याकडे राबणाऱ्याच्या वाट्याला ठेवायचा, ही जीवदया नव्हे. संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या जीवांत थप्पीमागची धामण आहे, तसा थप्पीशेजारी निजणारा माणूसही आहे.

जय जिनेंद्र.