मूल ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणतंय: वय, बोली की दोष? पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात हे ओळखणं महत्त्वाचं का आहे?

भोसरी किंवा चाकणमधल्या पहिलीच्या एका वर्गाची कल्पना करा. बाई डोळ्याचं चित्र दाखवून विचारतात, "हे काय आहे?"

पहिलं मूल म्हणतं ‘डोला’. त्याच्या घरी हिंदी बोलतात. दुसरं म्हणतं ‘डोया’. त्याचं कुटुंब जळगावकडून आलंय. तिसरं म्हणतं ‘दोला’. हेच मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दादी’ म्हणतं. त्याच्या घरी बोलतात ती पुस्तकाला जवळची मराठीच.

तिघांचेही उच्चार पाठ्यपुस्तकासारखे नाहीत. पण स्पीच थेरपीची गरज बहुधा तिसऱ्यालाच आहे. वर्गात मात्र दोन्हीपैकी एक चूक सहज होऊ शकते. एक तर तिघांनाही ‘अशुद्ध बोलणारी मुलं’ म्हणून एकाच रांगेत बसवलं जातं, नाहीतर "मोठं झालं की आपोआप सुधारेल" म्हणून तिघांनाही सोडून दिलं जातं.

देशभरातून कामगार येणाऱ्या या औद्योगिक पट्ट्यात हा फरक ओळखणं जितकं गरजेचं, तितकंच अवघड आहे. त्याची कारणं समजून घेऊ.

बोबडं आणि तोतरं यात फरक काय?

मुलाला ठरावीक ध्वनी काढता येत नाही, तो गाळला जातो किंवा त्याच्या जागी दुसरा येतो, याला आपण बोबडं बोलणं म्हणतो. ‘राजा’चा ‘लाजा’, ‘गाय’ची ‘दाय’ ही त्याची उदाहरणं. तोतरं बोलणं वेगळं. त्यात ध्वनी येत असतो, पण बोलताना अडखळायला होतं, अक्षर पुन्हा पुन्हा येतं किंवा शब्द सुरूच होत नाही. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

इथे भाषेचा आणखी एक घोळ आहे. हिंदीत बोबडं बोलण्याला ‘तुतलाना’ म्हणतात आणि अडखळण्याला ‘हकलाना’. त्यामुळे एखादी आई "बच्चा तुतलाता है" म्हणाली, तर मराठी कानाला ते ‘तोतरं’ ऐकू येऊ शकतं. अंगणवाडीच्या नोंदीत एकच शब्द चुकला, तरी मूल चुकीच्या वाटेला लागू शकतं. म्हणूनच पालकांनी शब्दावर न थांबता मूल नेमकं काय बोलतं, त्याची दोन-तीन उदाहरणं सांगावीत. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग नेलं तर आणखी चांगलं.

किती वयापर्यंत वाट पाहायची?

सगळे ध्वनी एकदम येत नाहीत. प, ब, म हे ओठांचे ध्वनी लवकर येतात. र, ळ, श आणि ‘स्टेशन’, ‘प्रकाश’ यांसारख्या शब्दांतली जोडाक्षरं उशिरा येतात. त्यामुळे तीन वर्षांचं मूल ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणत असेल तर घाबरण्याचं कारण नाही.

शॅरिन मॅकलिऑड आणि कॅथरिन क्रो या संशोधकांनी २०१८ मध्ये २७ भाषांमधल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात दिसलं की पाच वर्षांपर्यंत मुलं त्यांच्या भाषेतली बहुतेक व्यंजनं बरोबर उच्चारू लागतात.

घरच्यांसाठी एक ढोबळ कसोटी आहे. अनोळखी माणसाला मुलाचं बोलणं किती कळतं? दोन वर्षांच्या मुलाचं साधारण निम्मं, तीन वर्षांच्या मुलाचं तीन चतुर्थांश आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं बोलणं कळायला हवं. आईला कळतं, हा पुरावा पुरेसा नाही. आईला सगळंच कळतं.

चार वर्षांनंतरही परक्या माणसाला बोलणं कळत नसेल किंवा मूल बोलायलाच टाळत असेल, तर तपासणी करून घ्यावी. मूल हाकेला ओ देत नसेल, तर वयाची वाट न पाहता आधी कान तपासावेत. जो ध्वनी नीट ऐकूच येत नाही, तो तोंडातून येणार कसा?

बोली कुठे संपते आणि दोष कुठे सुरू होतो?

पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नाही, यावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला. शासनाने त्याबाबतचे दोन्ही निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले. मुलांनी किती भाषा शिकाव्यात, यावर तेव्हा भरपूर बोललं गेलं. पण या पट्ट्यातल्या वर्गांत अनेक भाषा आधीच येऊन बसल्या आहेत. इथे विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातली कुटुंबं आहेत, तशीच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि कर्नाटकातलीही आहेत.

प्रत्येक भाषेचा ध्वनींचा संच वेगळा असतो. प्रमाण हिंदीत, भोजपुरीत आणि बंगालीत ‘ळ’ नाही. ओडिया, कन्नड आणि गुजरातीत आहे. म्हणून ओडिशाचं मूल ‘केळं’ सहज म्हणेल आणि शेजारच्या खोलीतलं बिहारचं मूल ‘केलं’ म्हणेल. यात दुसऱ्या मुलाच्या जिभेत काही कमी नाही.

मराठीच्या बोलींतही हेच आहे. अहिराणी आणि वऱ्हाडीत ‘काळा’चा ‘काया’ होतो. आगरी-कोळी बोलींत ‘डोळा’चा ‘डोला’ होतो आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. हे त्या बोलींचे नियम आहेत. त्यांना दोष म्हणता येत नाही.

‘च’ची गंमत तर आणखी वेगळी. ‘चार’ आणि ‘चारा’ मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, उच्चार दोन. हिंदी भाषक मूल दोन्हीकडे ‘चार’मधलाच च वापरतं, कारण त्याच्या घरच्या भाषेत दुसरा च नाही.

मग दोष ओळखायचा कसा? घरच्या भाषेत जो ध्वनी आहे आणि त्याच वयाची भावंडं किंवा शेजारची मुलं जो काढतात, तोच ध्वनी या मुलाला येत नसेल तर अडचण असण्याची शक्यता आहे. ‘क’ आणि ‘ग’ मराठीत आहेत, हिंदीत आहेत आणि ओडियातही आहेत. म्हणून सहा वर्षांच्या मुलाचं ‘ताता’ कुठल्याही घरात लक्ष देण्याजोगं असतं.

दोन भाषा कानावर पडल्याने उच्चारदोष होत नाही. त्यामुळे "घरची भाषा बंद करा, शाळेचीच बोला" हा सल्ला उपयोगाचा नाही. उलट आई-वडिलांना जी भाषा सहज येते, त्याच भाषेत मुलाशी सर्वाधिक आणि सर्वांत चांगलं बोलणं होतं.

थेरपीत नेमकं करतात काय?

बाहेरून हा खेळ वाटतो. समोर आरसा, चित्रांची कार्डं आणि तेच तेच शब्द. पण त्यामागे ठरलेला क्रम असतो.

सुरुवात कानापासून होते. ‘काळा’ आणि ‘काला’, ‘वेळ’ आणि ‘वेल’ अशा एकाच ध्वनीचा फरक असलेल्या जोड्या ऐकवतात आणि मूल योग्य चित्रावर बोट ठेवतं. फरक कानाला कळला की ध्वनी एकटा काढायला शिकवतात. त्यानंतर अक्षर, शब्द, वाक्य आणि शेवटी गप्पा.

‘क’ ऐवजी ‘त’ म्हणणाऱ्या मुलाची जीभ पुढे दातांकडे जाते, तर ‘क’साठी जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो. हे सहा वर्षांच्या मुलाला समजावणार कसं? थेरपिस्ट गुळण्या करायला लावतात, म्हणजे घशाजवळची जागा मुलाला जाणवते. किंवा जिभेचं टोक चपट्या काडीने अलगद खाली धरून ‘क’ म्हणायला सांगतात.

‘ळ’ शिकवताना मराठीची स्वतःची अडचण येते. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही. तक्त्यावरही ‘ळ’साठी ‘बाळ’ असतं. त्यामुळे ‘आळ’, ‘इळ’, ‘उळ’ यांपासून सुरुवात करून ‘फळ’, ‘बाळ’ आणि मग ‘केळं’, ‘डोळा’ असं पुढे जावं लागतं. इंग्रजीतून आलेली तयार कार्डं इथे कामाची नाहीत.

सगळ्यात अवघड टप्पा शेवटचा असतो. खोलीत थेरपिस्टसमोर ‘काका’ म्हणणारं मूल जिन्यात खरा काका दिसला की ‘ताता’ म्हणतं. नवा उच्चार सवयीत उतरायला रोजचा सराव लागतो आणि तो घरीच होतो.

कशाने फरक पडत नाही?

वेखंड उगाळून चाटवलं की वाणी स्वच्छ होते, असं अनेक घरांत मानतात. पण जीभ नेमकी कुठे टेकवायची, हे वेखंड शिकवू शकत नाही.

"जीभ चिकटली आहे, खालची शीर कापून घ्या" हा सल्लाही मिळतो. जिभेखालचा पडदा आखूड असला तरी बहुतेक मुलं स्पष्ट बोलतात. म्हणून कापण्याचा निर्णय तज्ज्ञांच्या तपासणीनंतरच घ्यावा.

तिसरा प्रकार फुगे, शिट्ट्या आणि जिभेच्या ‘कसरतीं’चा. नुसतं फुंकल्याने किंवा जीभ फिरवल्याने उच्चार सुधारतात, याला संशोधनाचा भक्कम आधार नाही. बोलणं सुधारतं ते बोलण्याच्याच सरावाने. अनेक आठवडे शिट्ट्याच चालू असतील, तर पालकांनी जरूर प्रश्न विचारावा.

आणखी एक गोष्ट पाहावी. स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारणं हा पालकांचा हक्क आहे.

मदत कुठे आहे आणि कुठे अडते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याखाली आरोग्य पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलं तपासतात. दुभंगलेले ओठ-टाळू, श्रवणदोष आणि भाषाविकासातला विलंब यांचा त्यात समावेश आहे. गरज असेल तर मुलाला जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवतात.

पिंपरीच्या संत तुकारामनगरातलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय कान-नाक-घसा तपासणीसाठी जवळचं ठिकाण आहे. महापालिकेचं दिव्यांग भवन मोरवाडीत आहे. ज्यांचं ईएसआय कार्ड आहे, अशा कामगारांच्या कुटुंबालाही वैद्यकीय लाभ मिळतो. सध्या दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार या योजनेत येतात, आणि चिंचवडच्या मोहननगरात ईएसआयचं रुग्णालय आहे.

मग अडतं कुठे?

पहिली फट शाळेची. तपासणी सरकारी आणि अनुदानित शाळांत होते. गल्लीतल्या छोट्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत फी भरून घातलेलं मूल या तपासणीबाहेर राहतं.

दुसरी फट कायद्याची. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि ‘वाचा व भाषा’ हा त्यातला एक प्रकार. पण त्याची व्याख्या कायमस्वरूपी दिव्यांगत्वाची आहे, म्हणजे स्वरयंत्र काढल्याने किंवा मेंदूच्या इजेमुळे वाचा जाण्यासारख्या स्थितींची. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारं, बाकी ठणठणीत मूल त्यात बसत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून प्रमाणपत्राशी जोडलेल्या योजनाही नाहीत. एका अर्थाने हे चांगलंच आहे, कारण त्याची अडचण कायमची नाही. पण वेळेत बरी होऊ शकणारी अडचण आहे, म्हणूनच ती कुठल्या रकान्यात बसत नाही, असा हा पेच आहे.

पाळी, खाडा आणि रोजची दहा मिनिटं

तिसरी फट वेळेची, आणि या पट्ट्यात तीच सर्वांत मोठी ठरू शकते. थेरपी साधारण आठवड्यातून एक-दोनदा असते आणि काही महिने चालू शकते. कंत्राटी कामगाराला प्रत्येक फेरीमागे खाडा पडतो. महाळुंगे किंवा खराबवाडीहून पिंपरीला यायचं तर पुणे-नाशिक महामार्गावरची कोंडी आलीच. दुसऱ्या पाळीचा बाप घरी परततो तेव्हा मूल झोपलेलं असतं.

त्यामुळे नुसती केंद्रं उघडून प्रश्न सुटणार नाही. केंद्रांच्या वेळाही पाळ्यांशी जुळायला हव्यात. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. गुरुवारी राखीव वेळ ठेवली, तर सरकारी केंद्रात खाडा न करता येता येईल. चाकणच्या बाजूला आठवड्यातून एक दिवस थेरपिस्ट बसला, तर फेऱ्याही वाचतील. महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष भेट आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर सराव, हाही मार्ग आहे.

घरी फार काही लागत नाही. रोज दहा मिनिटं आणि थेरपिस्टने दिलेले पाच-सहा शब्द पुरतात. मूल ‘ताता’ म्हणालं तर रागावू नये, पुन्हा पुन्हा म्हणूनही घेऊ नये. "हो, काका आले" असं बरोबर रूप सहज त्याच्या कानावर घालावं. पाहुण्यांसमोर ‘गंमत’ म्हणून बोबडं बोलायला लावणं थांबवलं, तरी मुलाचं बरंच ओझं उतरतं.

पहिलीत मूल अक्षर आणि ध्वनी यांची जोडी लावायला शिकतं. तोंडात ‘क’ आणि ‘त’ एकच असतील, तर वहीत गोंधळ होण्याची शक्यता वाढते. मग उच्चाराची अडचण ‘अभ्यासात कच्चा’ या शिक्क्यात बदलायला वेळ लागत नाही.

म्हणून वर्गातल्या त्या तिघांना तीन वेगळी उत्तरं हवीत. ‘डोला’ म्हणणाऱ्याला मराठी ऐकायला भरपूर मिळायला हवी. ‘डोया’ म्हणणाऱ्याच्या बोलीला वर्गात मान हवा आणि सोबत प्रमाण मराठीची ओळख हवी. आणि ‘दोला’ म्हणणाऱ्याला थेरपिस्टची वेळ हवी, तीही याच वर्षी.