यादीच नाही, मग रांग कुठली?

सदर : सरकारी दवाखाना

इंग्लंडमध्ये स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, तपासणीसाठी थांबलेल्यांचा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात साठ हजारांहून जास्त मुलांची नावे सरकारी योजनेत नोंदली आहेत आणि त्यातली बहुतेक अजून उपचाराच्या पैशांची वाट पाहत आहेत. दोन्हीकडची सरकारे यावरून रोज बोलणी खातात. मला त्या देशांचा हेवा वाटतो. रांगेचा नव्हे, ती मोजली जाते याचा. जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर, सावदा, यावल, रावेर या पट्ट्यात अशी किती मुले थांबली आहेत, हे कोणाही अधिकाऱ्याला विचारून पाहा. आकडा मिळणार नाही. यादी नाही म्हणून रांग नाही, आणि रांग नाही म्हणून तक्रारही नाही, असा हा सोयीचा हिशेब आहे.

आपल्याकडे वाट पाहणे घरातच सुरू होते. अडीच वर्षांचा मुलगा हाक मारली तरी वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, तीनचाकी सायकल उलटी करून तिचे चाक फिरवत बसतो. आजी म्हणते, ‘याचा बापबी उशिराच बोलला होता.’ शेजारीण म्हणते, मोबाइल काढून घ्या. कोणी मनुदेवीला नवस बोलायला सांगते. कानाचे डॉक्टर ‘ऐकू येतं’ म्हणतात आणि तपास तिथेच संपतो. यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते. पुढे दवाखान्यात आईलाच ऐकवले जाते, ‘एवढे दिवस काय करत होता?’ हा प्रश्न विचारणे फार सोपे आहे. लवकर आणायचे ते कुठे, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नसते.

कागदावर त्याचे उत्तर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, तीस प्रकारचे आजार व दोष, आणि त्या तिसांत स्वमग्नताही. डॉक्टरांच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे, संशय आला की मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे. योजना चांगली आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. हृदयाला छिद्र असलेल्या कितीतरी मुलांना तिने जगवले. पण हृदयाची शस्त्रक्रिया एकदा होते, तिचा फोटो पेपरात येतो, अहवालात रकाना भरतो. स्वमग्न मुलाची शस्त्रक्रिया नसते. त्याला आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे कोणीतरी बसून शिकवावे लागते. शिवाय एका सकाळी अख्ख्या अंगणवाडीची वजने, उंच्या, दात, डोळे पाहणाऱ्या पथकाला ‘हे पोर कोणाकडे बघत नाही’ हे दिसावे तरी कसे? ते शांत बसलेले असते. अंगणवाडीत शांत पोराची तक्रार कोण करतो! त्या दिवशी ते सुटले, की पुढची फेरी सहा महिन्यांनी.

समजा, नाही सुटले. जिल्हा केंद्रासाठीची चिठ्ठी मिळाली. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हा केंद्रात वाचा-श्रवण तज्ज्ञाचे पद एक. पद भरलेले आहे आणि माणूस रजेवर जात नाही, असे धरू. दिवसाला आठ मुले, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दोनशे बैठका. एका मुलाला आठवड्यातून दोनदा बसवायचे तर महिन्याला आठ बैठका लागतात. दोनशे भागिले आठ, पंचवीस मुले. आणि ही पंचवीस एकट्या स्वमग्नतेची नाहीत. बहिरी मुले, टाळूला फट असलेली, सेरेब्रल पाल्सीची, सगळी त्यातच आली. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती. जागतिक आरोग्य संघटनेचा पूर्वीचा ढोबळ अंदाज शंभर मुलांमागे एकाचा होता. तो धरला तर जिल्ह्यात सहा वर्षांखालचीच अशी मुले हजारांत निघतील. एवढा भागाकार मंत्रालयात कोणाला येत नसेल, असे मला वाटत नाही.

मग दिव्यांगत्वाचा दाखला. १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. २०१६च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात तिला जागा दिली. तपासणीसाठी चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी आहे आणि ती लावायला प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ हवा. दाखला महिन्याभरात द्यावा असा नियम होता. केंद्राने ऑक्टोबर २०२४मध्ये तो बदलला आणि मुदत तीन महिने केली. विलंब होतो म्हणून माणसे वाढवण्यापेक्षा विलंबालाच नियमात बसवले. दाखला नाही तर ‘निरामय’ हा सरकारी आरोग्यविमा नाही, सवलती नाहीत, काही नाही.

या सगळ्याची किंमत मोजते आई. फैजपूरहून जळगाव पन्नासेक किलोमीटर. एस.टी.त गर्दीला आणि हॉर्नला बिथरणारे पोर सांभाळत जायचे, एका बैठकीसाठी केळीच्या बागेतला रोज बुडवायचा, आणि ‘साहेब आज कॅम्पला गेलेत’ ऐकून परतायचे. सातपुड्याच्या पाड्यावरच्या पावरा किंवा तडवी बाईने तर आधी यावल गाठायचे. ऐपत असलेले नाशिक-पुण्याला खोली करतात. बाकीचे दोन-तीन फेऱ्यांनंतर यायचे बंद होतात, आणि दप्तरी नोंद पडते, ‘पालक फिरकले नाहीत’.

तज्ज्ञ रातोरात तयार होणार नाहीत, हे मान्य. पण गोव्यात संगत या संस्थेने वेगळी वाट चोखाळून पाहिली आहे. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईबापांनाच मुलाशी कसे खेळावे-बोलावे हे शिकवले. गोवा आणि रावळपिंडी इथला तो अभ्यास २०१६मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात आला. मुले आपणहून आईबापांशी संवाद सुरू करू लागली, असे त्यात दिसले. आजार गेला असे कोणी म्हटलेले नाही. मात्र आशाताई आणि अंगणवाडीसेविकांच्या बळावर आपल्या तालुक्यात हे करता येण्यासारखे आहे. यावलच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस तज्ज्ञाने यावे, उरलेले दिवस यांनी चालवावेत. १९३६ साली काँग्रेसचे अख्खे अधिवेशन फैजपूरला आले होते. एक वाचातज्ज्ञ यायला काय हरकत आहे?

त्याही आधी यादी हवी. बऱ्हाणपूरला, रावेरला केळीचा आजचा भाव काय निघाला, हे आमच्या भागात पोरासोरालाही ठाऊक असते, म्हणून व्यापाऱ्याला भाव पाडताना निदान तोंड लपवावे लागते. तसे दर महिन्याला केंद्राच्या दारावर लागले पाहिजे : चिठ्ठी मिळालेली मुले किती, पहिली तपासणी झालेली किती, उपचार सुरू झालेले किती, आणि सर्वात जुनी चिठ्ठी कोणत्या तारखेची. मुलांची नावे नकोत, आकडे पुरेत. याला निधी लागत नाही, एक फळा लागतो.

पालकांना एवढेच सांगतो : पथकाने तोंडी सांगितले तर तारीख टाकलेली चिठ्ठी मागून घ्या, दाखल्याच्या अर्जाचा नंबर जपून ठेवा, आणि दर फेरीची तारीख वहीत लिहा. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन असतो. ती वही घेऊन तिथे जा, आणि एकटे जाऊ नका.