कोनसरीची वस्ती कशी असावी?

गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे २०२५ साली मोठ्या पोलाद प्रकल्पाची पायाभरणी झाली. सूरजागडचे लोहखनिज, त्यातून होणारे उत्पादन, मिळणारा रोजगार यांविषयी पुष्कळ बोलले गेले. हा कामगार राहणार कोठे आणि त्याचे घर कोणाच्या मालकीचे असणार, हा प्रश्न मात्र चर्चेच्या कडेलाच राहिला आहे.

विदर्भाला तो नवा नाही. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीचे सम्राज्ञीपद जाहीर झाले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. भोवताली कापूस पिकत होता आणि चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याची कोळशाची खाण दूर नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या वाट्याला चाळीतली एक खोली आणि सामाईक नळ आला. एम्प्रेसने पुढे इंदोऱ्यात निराळी वाट धरली. सरकारी जमीन पट्ट्याने घेऊन तिचे लहान भूखंड पाडले, बांधकामाला कर्ज दिले आणि त्याचे हप्ते पगारातून वळते केले. घर बांधले ते कामगारानेच. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या नावाने ती वस्ती बेझनबाग झाली. चाळीची खोली वाढत नाही. भूखंडावरच्या घराला मात्र मुलाचे लग्न ठरले की मागे एक खोली काढता येते. वास्तुरचनेतला हा साधा फरकच पुढे निर्णायक ठरला. गिरणी या शतकाच्या आरंभी कायमची बंद पडली, वस्ती उठली नाही. तेथील मोकळ्या जागांवरील अतिक्रमणाचे तंटे न्यायालयात गेले हे खरे. पण ते तंटे तेथे राहणाऱ्यांचे होते, बेघर झालेल्यांचे नव्हेत.

याउलट कारखान्याच्या क्वार्टरचा हक्क नोकरीबरोबर संपतो. गडचिरोलीच्या बांबूवर वाढलेल्या बल्लारपूरच्या कागद कंपनीवर जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. अशा वेळी धनकोंच्या हिशेबात यंत्रे आणि जमीन यांबरोबर कंपनीच्या मालकीचे क्वार्टरही मालमत्ता म्हणूनच मोजले जाते; त्यात वाढलेल्या संसाराला त्या वहीत रकाना नसतो.

खनिज केव्हातरी संपते, बाजार त्याआधीही पडू शकतो. म्हणून शासनाने कोनसरी परिसरात कामगारवस्तीसाठी जमीन देताना भूखंड कामगाराच्या नावे करण्याची अट करारातच घालावी. ज्यांच्या शेतजमिनी प्रकल्पाला गेल्या, त्या गावकऱ्यांचा पहिला हक्क तेथे मानावा. वस्ती उभी राहिल्यावर ही अट घालू म्हणणे, म्हणजे ती न घालणेच होय.