आक्रमक मुष्टियोद्ध्याने मागे पाऊल घ्यावे काय?

१४ सप्टेंबर २०२५ रोजी जपानमधील नागोया शहरात नाओया इनोऊए याने उझबेकिस्तानच्या मुरोदजोन अखमदालिएव्हवर बारा फेऱ्यांअंती गुणांवर मात केली. जगज्जेत्याने आणखी एक लढत जिंकली, एवढ्यापुरते पाहिले तर यात नवल नाही. परंतु ज्याच्या त्याआधीच्या सलग ११ लढती शेवटच्या घंटेपूर्वीच निकालात निघाल्या होत्या आणि ज्याला मुष्टियुद्धाचे जग 'मॉन्स्टर' या नावाने ओळखते, त्याने त्या रात्री प्रतिस्पर्ध्याला लोळवण्याचा हव्यास बाजूला ठेवला. आत शिरावे, दोन ठोसे द्यावेत आणि उत्तर येण्यापूर्वी समोरच्याच्या टप्प्याबाहेर जावे, असा हिशेबी खेळ तो छत्तीस मिनिटे खेळला. तिन्ही परीक्षकांनी मोठ्या फरकाने त्याच्याच बाजूने कौल दिला. कोणाला हे प्रौढत्वाचे लक्षण वाटले, कोणाला उतरणीचे. आक्रमण हाच ज्याचा स्वभाव, त्याला असा सावधपणा मानवेल काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे.

'आक्रमण हाच उत्तम बचाव' हे वचन आपल्याकडे शाळेच्या मैदानापासून विधिमंडळापर्यंत इतक्या वेळा ऐकवले जाते, की ते तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. मुष्टियुद्धात ते अर्धेच खरे आहे. मारा अखंड चालू राहिला की प्रतिस्पर्ध्याला हात उगारण्याची उसंत मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ठोसा मारणारा हात त्या क्षणी स्वतःच्या हनुवटीची राखण सोडून गेलेला असतो. ठोसा जितका जोरकस, तितका तो हात परतायला उशीर. हनुवटी उघडी पडते ती पळभरच. समोरचा गडी मुरलेला असेल तर तेवढे त्याला पुरते.

इनोऊएच्या कारकिर्दीत हा पळ निदान तीनदा महागात पडला आणि तिन्ही वेळा घात केला तो डाव्या हूकने. नोव्हेंबर २०१९ मध्ये सायतामा येथे नोनितो डोनेअरच्या हूकने दुसऱ्याच फेरीत त्याच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. ती लढत त्याने जिंकली, पण त्यासाठी बारा फेऱ्या काढाव्या लागल्या. ६ मे २०२४ रोजी टोकियो डोममध्ये लुईस नेरीने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले. व्यावसायिक कारकिर्दीत तो जमिनीवर आला तो तेव्हा प्रथमच. पुढच्या वर्षी ४ मे रोजी लास व्हेगासमध्ये रामोन कार्डेनासने दुसऱ्या फेरीत त्याची पुनरावृत्ती केली. नेरीला सहाव्या आणि कार्डेनासला आठव्या फेरीत निकालात काढून इनोऊएने दोन्ही लढती जिंकल्या, आणि विजय मिळाला की चूक विस्मरणात जाते.

ती चूक वाढत जाण्याचे एक कारण त्याच्या प्रवासातच आहे. २०१४ साली त्याने पहिले जागतिक विजेतेपद मिळवले ते सुमारे ४९ किलो वजनाच्या गटात. २०२३ च्या अखेरीस त्याने चारही संघटनांचे पट्टे एकत्र केले ते सुमारे ५५ किलोंच्या गटात. सहा किलोंचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. प्रत्यक्षात, ज्या ठोशाने खालच्या गटातला माणूस आडवा होत असे तो वरच्या गटातला माणूस पचवतो आणि परत मारतो. अशा वेळी स्वतःच्या ठोशाच्या भरवशावर दार उघडे टाकणे परवडत नाही.

ज्या टोकियो डोममध्ये इनोऊए पहिल्यांदा कोसळला, तेथेच ११ फेब्रुवारी १९९० रोजी माइक टायसनचे साम्राज्य लयाला गेले होते. त्यानंतर ३४ वर्षे त्या वास्तूत मुष्टियुद्धाची मोठी लढत झाली नव्हती. टायसन म्हणताच लोकांना आठवतात ते त्याचे विध्वंसक ठोसे. वस्तुतः कस डमाटो या वृद्ध गुरूने त्याला जे शिकवले, त्याचा पाया बचावाचा होता. दोन्ही मुठी गालांशी, आणि डोके एका जागी क्षणभरही स्थिर नाही. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा कानाजवळून निघून गेला, की त्या चुकलेल्या ठोशाच्या पोकळीत टायसन शिरत असे. १९८५ साली डमाटो वारले. १९८८ मध्ये टायसनने केविन रूनी या प्रशिक्षकाला दूर केले. मग डोके हलायचे कमी झाले, ठोसे तेवढे उरले. बस्टर डग्लसच्या लांब डाव्या हाताने त्या रात्री एका जागी उभे असलेले ते डोके दहाव्या फेरीपर्यंत बडवून काढले. टायसनची आक्रमकता कमी झालेली नव्हती. ती ज्यावर उभी होती तो बचाव ढासळला होता.

म्हणून प्रश्न बचाव करावा की नाही असा नसून, कोणत्या जातीचा बचाव कोणाला साजेल असा आहे. युक्रेनचा व्लादिमीर क्लिच्को हे याचे बोलके उदाहरण. समोरच्यावर तुटून पडण्याच्या नादात २००३ मध्ये कॉरी सँडर्सकडून आणि २००४ मध्ये लॅमॉन ब्रूस्टरकडून तो हरला आणि त्याची कारकीर्द संपल्यात जमा झाली. इमॅन्युएल स्टुअर्ड या प्रशिक्षकाने त्याला लांब डावा हात पुढे ठेवून अंतर राखायला आणि कोणी अंगावर आलाच तर त्याला मिठीत जखडायला शिकवले. सप्टेंबर २००५ मध्ये सॅम्युअल पीटरने त्याला तीनदा खाली पाडले, तरी लढत क्लिच्कोनेच जिंकली, आणि २००६ पासून २०१५ पर्यंत तो जगज्जेता राहिला. त्याच्या लढती कंटाळवाण्या असत हे खरे. पण तो साडेसहा फूट उंचीचा होता. सहा फुटांनाही न पोहोचलेल्या जो फ्रेझरला हेच धडे दिले असते तर त्याचा सत्यानाश झाला असता, कारण आखूड हातांच्या माणसाला दूर राहणे म्हणजे नुसता मार खाणे. फ्रेझरला वाकत, डुलत, पुढेच जावे लागे. त्याचा बचाव त्याच्या कमरेत होता.

इनोऊएची उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेर. क्लिच्कोची मिठी त्याच्या कामाची नाही. त्याच्याजवळ आहेत ते पाय, आणि नागोयात त्याने कामाला लावले ते पायच. येथे मराठी वाचकाला गनिमी काव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. छापा घालून निघून जाण्यात आपल्याकडे कोणी भ्याडपणा पाहिलेला नाही.

आणखी एका गैरसमजाची नोंद येथे करायला हवी. बचावाचे गोडवे गाताना १९७४ साली किन्शासा येथे दोरांना टेकून जॉर्ज फोरमनला थकवणाऱ्या मुहंमद अलीचा दाखला हमखास दिला जातो. ती युक्ती अलौकिक होती यात शंका नाही. परंतु मार चुकवणे आणि मार सोसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि अलीने त्या रात्री बराच मार सोसलाही. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचा विकार जडल्याचे निदान झाले. तो त्याच माराचा परिणाम होता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, तरी ही पद्धत कोणा तरुणाला शिकवावी असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

प्रेक्षक तिकीट काढतो ते कोणी तरी आडवा झालेला पाहण्यासाठी, आणि आयोजकालाही तेच हवे असते. या अपेक्षेचे ओझे आक्रमक खेळाडूवर सर्वांत अधिक. परंतु नागोयाच्या लढतीपूर्वी सहाच आठवडे, २ ऑगस्ट २०२५ रोजी, टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच कार्यक्रमात लढलेले दोन मुष्टियोद्धे मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच मरण पावले. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यानंतर आशिया-प्रशांत विभागाच्या विजेतेपदाच्या लढती बाराऐवजी दहा फेऱ्यांच्या करण्यात आल्या. १९८२ च्या नोव्हेंबरात रे मॅन्सिनीशी लढताना जखमी झालेला कोरियाचा किम डुक कू मरण पावला, तेव्हाही अशीच पंधराच्या बारा फेऱ्या करण्यास सुरुवात झाली होती. फेऱ्या कमी करणे नियामकांच्या हाती असते. डोक्यावर बसणारा प्रत्येक ठोसा कमी करणे खेळाडूच्या आणि त्याच्या प्रशिक्षकाच्या हाती. इनोऊएचा प्रशिक्षक त्याचा बाप आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्याकडील महाविद्यालयीन तरुण हौशी मुष्टियुद्धात उतरतात. तेथे हिशेब थोडा निराळा असतो. तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या, म्हणजे सगळा मामला नऊ मिनिटांचा. तेथे वाट पाहत बसणाऱ्याची एक फेरी हातची गेली, की भरून काढायला वेळ उरत नाही. अशा मुलाला आक्रमण सोड म्हणणे चुकीचे ठरेल. ठोसा मारल्यावर त्याच जागी उभा राहू नकोस, एवढे मात्र पहिल्या दिवसापासून सांगता येते.

सावध पद्धत ही वय झालेल्याची सोय आहे, असे समजले जाते. खरे तर पायांवरचा बचाव ही तरुणांनाच परवडणारी चैन आहे, कारण मुष्टियोद्ध्याचे पाय आधी जातात आणि ठोसा शेवटी. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासमध्ये लॅरी होम्ससमोर उभ्या ठाकलेल्या अडतीस वर्षांच्या अलीला चुकवायचे कसे हे पुरेपूर ठाऊक होते. पाय हलत नव्हते. दहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यातूनच लढत थांबवण्यात आली. इनोऊएने नागोयात पवित्रा बदलला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.