ट्रुमन यांचे भाषण आणि परळचे दोन झेंडे



मन्रो, ट्रुमन, आयसेनहॉवर, निक्सन, कार्टर, रेगन. अमेरिकी अध्यक्षांच्या नावाने ओळखले जाणारे हे परराष्ट्र धोरणाचे सिद्धान्त आपण अध्यापक साल आणि देश यांची जोडी लावून शिकवतो. मुले ते उत्तरपत्रिकेत उतरवतात. लालबाग-परळच्या वर्गात तरी हा विषय इतका कोरडा राहू नये, असे आम्हांला मनापासून वाटते.

१२ मार्च १९४७ रोजी ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी अमेरिकी संसदेकडे ४० कोटी डॉलर मागितले. साम्यवादाला रोखायचे, हे त्यामागचे धोरण. जगाच्या दोन छावण्या झाल्या, तशा कामगार चळवळीच्याही झाल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या कामगार संघटनांच्या जागतिक महासंघातून ब्रिटिश आणि अमेरिकी संघटना १९४९ मध्ये बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात लंडनला वेगळा महासंघ उभा राहिला. काँग्रेसच्या बाजूची इंटक नव्यात गेली, कम्युनिस्टांची आयटक जुन्यात राहिली. परळच्या मजदूर मंझिलमधल्या, इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा धागा असा नव्या महासंघाच्या ब्रुसेल्समधल्या मुख्यालयाला पोहोचला, आणि दळवी बिल्डिंगमधल्या लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचा पुढे जुन्याच्या प्रागमधल्या मुख्यालयाला. दोन्ही कचेऱ्या लालबागहून चालत जाण्याजोग्या.

हे विद्यार्थ्यांना थरारक वाटेल, आणि धोका तिथेच आहे. गिरणगावात फूट वॉशिंग्टनने पाडली, असे चुकूनही शिकवू नका. गिरणी कामगार युनियन १९२८ ची. 'चले जाव' आंदोलनापासून कम्युनिस्ट दूर राहिले, तेव्हाच, म्हणजे १९४२ मध्ये, काँग्रेसवाल्यांशी त्यांचे पुरते फाटले होते. एका उद्योगात एकाच युनियनला प्रातिनिधिक मानणाऱ्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याच्या नावातच १९४६ साल आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपात हाच कायदा रद्द करा अशी मागणी होती. त्या वेळी अमेरिकेत रेगन होते; पण संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे कामगार का गेले, याचे उत्तर व्हाइट हाऊसमध्ये सापडत नाही. ते मजुरी, बोनस, बदली कामगारांचे हाल आणि मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघावरचा राग यांत आहे.

भांडण इथलेच होते. ट्रुमन यांच्या काळाने त्याला परदेशी पाठीराखे मिळवून दिले. एवढा फरक विद्यार्थ्याला कळला, तर ग्रीस आणि तुर्कस्तानकडेही तो वेगळ्या नजरेने पाहील. त्यासाठी मुलांना दोन्ही कचेऱ्यांपर्यंत चालत न्या, जुन्या कामगारांशी बोलू द्या. संपात ऐन विशीत असलेले आज साठी ओलांडून गेले आहेत. हे काम याच सत्रात व्हायला हवे.