कासव तळ्यात सोडलं म्हणजे सुटलं का?

मृगाचे दोन पाऊस झाले की आपल्या अमरावती-अकोल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. घमेल्यात कासव, मागे चार-पाच हसरे चेहरे, खाली ओळ: 'कासवाला जीवदान, तलावात सोडले.' मग हात जोडलेल्यांची रांग. कधी कधी तोच फोटो दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावरही येतो.

हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल शंका नाही. पण कोणतं कासव आणि कोणत्या पाण्यात, हे त्या बातमीत कधीच नसतं. थोडा दोष भाषेचाही आहे. साप म्हटलं की आपल्याकडचा शेतकरी नाग, मण्यार, धामण, परड, दिवड अशी नावं धडाधड सांगतो. कासवाचं तसं नाही. जमिनीवरचं असो, विहिरीतलं असो की समुद्रातलं, सगळे कासवच. एकदा एका पोराला विचारलं, "बाबू, हे पाण्यातलंच आहे कशावरून?" तो म्हणे, "कासव पाण्यात नाही ऱ्हाईन भाऊ, त मग कुठं ऱ्हाईन?"

जगात कासवांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत. भारतात गोड्या पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या मिळून तीसेक, शिवाय आपल्या समुद्रात येणाऱ्या पाच. यातल्या कितीतरींना पोहताच येत नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं ते देखणं कासव घ्या, ज्याला सगळे 'स्टार' म्हणतात. ते गुजरात-राजस्थानच्या कोरड्या गवताळ भागातलं, नाहीतर खाली आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू आणि श्रीलंकेतलं. गवत, पानं, झुडपं हे त्याचं जग. घरात लक्ष्मी येते म्हणून लोक ते चोरून पाळतात, चोरून विकतात. तस्करी इतकी वाढली की २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आणावी लागली. आता कुणाला वन विभागाच्या धाडीची भीती वाटली की तो रात्री गाडीवर ते घेऊन जातो आणि तलावात 'मुक्त' करतो. ते बुडून मरतं. जीवदान म्हणतो आपण याला.

दुसरा प्रकार काचेच्या पेटीतला. डोळ्यामागे लाल पट्टी असलेलं हिरवं पिल्लू, बरणीच्या झाकणाएवढं. ते अमेरिकेच्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानदार 'एवढंच राहते' म्हणून सांगतो, आणि तीन-चार वर्षांत ते ताटाएवढं होतं. पाणी रोज घाण. मग तेही तलावात. हे बुडत नाही, उलट चांगलं तगून राहतं, आणि इथल्या कासवांच्या खाण्यावर आणि उन्हं खायच्या जागेवर हक्क सांगतं. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्येच बंद केली. आपल्याकडे मात्र ते अजून वाढदिवसाची भेट आहे.

मग आपलं कासव कोणतं? शेतात, नाल्यात, तलावात बहुतेक वेळा सापडतं ते फ्लॅपशेल. पाठ गुळगुळीत, कातड्यासारखी, नाक पुढे नळीसारखं. मागचे पाय आत ओढले की पोटाखालच्या दोन झडपा बंद होतात, त्यावरूनच नाव पडलं. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यावर त्याने तोडगा काढलेला आहे: पाणी आटलं की चिखलात स्वतःला गाडून घ्यायचं आणि पावसाची वाट पाहायची. पाऊस आला की बाहेर निघून चालायला लागायचं. म्हणून मृगात ते रस्त्यावर दिसतं. ते हरवलेलं नसतं, कुठंतरी निघालेलं असतं. त्याला दहा किलोमीटरवरच्या शहरी तलावात नेऊन टाकायची काही गरज नाही. ज्या बाजूला तोंड आहे त्या बाजूला रस्ता ओलांडून दिला, की आपलं काम झालं.

याच फ्लॅपशेलच्या मागे 'वीस नखी'वाले लागलेले असतात. वीस नखांचं कासव मिळालं की पैशाचा पाऊस पडतो म्हणे. अरे बाप्पा, मोजून तरी पाहा! फ्लॅपशेलला एका पायाला तीन नखं, चार पायांची बारा. चांदणीवाल्याला पुढे पाच-पाच, मागे चार-चार, म्हणजे अठरा. हिशोबच जुळत नाही, पण ठगाचा धंदा जुळतो. २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. फ्लॅपशेल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. तरी दरवर्षी कुठंतरी टोळी पकडली जातेच.

पण खरं सांगू, ठग आणि पाळणारे मिळून जेवढी कासवं मारत असतील, त्याहून मोठं काम आपण विकासाच्या नावाने करून ठेवलं आहे. कासव पाण्यात राहो की रानात, समुद्रात हजारो मैल पोहो, अंडी ते जमिनीवरच घालतं. याला अपवाद अगदी विरळा. म्हणजे पाण्याइतकाच त्याला काठ लागतो, मऊ, मातीचा किंवा रेतीचा, उताराचा. पाण्यातून चढून वर येता येईल असा.

आता आपले काठ आठवा. वर्धा नदीवर, पूर्णेवर रेतीघाटांची काय गत आहे, हे टिप्पर मोजत रात्री जागणाऱ्या गावकऱ्यांना विचारा. नाला खोलीकरणात पोकलेनने नाल्याच्या भिंती सरळ उभ्या कापल्या. पाणी थांबलं, ते चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्या भिंतीवर कासव चढेल कसं? विहिरीत कासव सोडायची आपली जुनी चाल आहे, पाणी साफ ठेवतं म्हणून. ते शेवाळ, मेलेलं काहीबाही खातं, तेवढं खरं. पण बांधलेल्या उभ्या विहिरीत ते जन्मभर एकटं फिरत राहतं, अंडी घालायला जागाच नाही.

आणि तलावांचं सुशोभीकरण! चारही बाजूंनी दगडी पिचिंग, वर गट्टू, गट्टूवर बाक, बाकावर नगरसेवकाचं नाव. वऱ्हाडातल्या एका छोट्या गावात अशा कामाच्या ठिकाणी मी साहेबांना विचारलं होतं की एखादी बाजू कच्ची ठेवता येणार नाही का. साहेब म्हणाले, "एस्टिमेटमध्ये कच्चा काठ हा आयटमच नाही." गंमत म्हणजे त्याच कामात प्रवेशद्वाराशी सिमेंटचं भलंमोठं कासव होतं. त्याचा आयटम होता.

आपल्याकडचे लोक कासव पाहायला हौसेनं कोकणात वेळासला जातात. जावंच. तिथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली, पुढे महोत्सव सुरू झाला, गावाला चार पैसेही मिळाले. पण तिथे राखलं काय, तर किनारा. अंड्यांना पन्नासेक दिवस रेतीत सुखानं पडून राहता यावं, एवढंच. नदीच्या कासवांच्या नशिबी तेवढं कौतुक नाही. लीथचं मऊ पाठीचं कासव १८७२ मध्ये पुण्याकडच्या नमुन्यावरून जगाला कळलं, म्हणजे अस्सल आपलं, दख्खनच्या नद्यांतलं. आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे. २०२२ मध्ये भारतानेच प्रस्ताव मांडून त्याच्या व्यापारावर जागतिक बंदी आणली. पण बंदी व्यापारावर आहे. ज्या रेतीत ते अंडी घालतं, ती रेती टिप्परमधून रोज जातेच आहे.

तर भाऊ लोकहो, कासव सापडलं आणि कोणतं ते कळलं नाही, तर १९२६ वर फोन करा, वन विभागाचा नंबर आहे. फोटो नंतर टाका. आणि तुमच्या गावच्या तलावाचं अंदाजपत्रक सभेत येईल, तेव्हा कुणीतरी उभं राहून विचारा, कच्चा काठ किती मीटर ठेवला? उत्तर काय मिळालं ते इथे कमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट. मी बातमी करतो.