पाचपर्यंत म्हणजे नेमके कधी?

इंग्रजी शिकणाऱ्या कोरियन मुलांची एक ठरलेली अडचण आहे. त्यांच्या भाषेत 'क्काजी' हा एकच प्रत्यय. 'पाचपर्यंत थांब' आणि 'पाचपर्यंत काम दे', दोन्हीकडे तोच! इंग्रजीत पहिल्याला 'अन्टिल', दुसऱ्याला 'बाय'. मग ती मुले 'फिनिश अन्टिल फाइव्ह' म्हणून जातात.

हसू नका हं! आपला 'पर्यंत'ही तसाच दुहेरी आहे. पण आपल्याकडे दोन भाषा आहेत. मी घरी मुलांना एक सोपी खूण सांगते. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून पाहा, कन्नडमध्ये 'ओळगे'. 'पाचच्या आत काम दे', 'ऐदु गंटे ओळगे'. अर्थ जुळला, म्हणजे 'बाय'. 'पाचच्या आत थांब' मात्र कानाला खटकते. तिथे 'ऐदु गंटे तनक'च हवे, म्हणजे 'अन्टिल'.

फरक लहान, पण कामाचा. 'बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार ही शेवटची मुदत, काम बुधवारी दिले तरी चालते. 'अन्टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार येईपर्यंत काम चालूच ठेवायचे. नोकरीच्या पत्रात हा घोळ महागात पडतो.

आज जेवताना मुलांना विचारा, 'दहापर्यंत अभ्यास कर' आणि 'दहापर्यंत अभ्यास संपव', कुठे काय येईल?